आजचा पेपर आजच

आमच्या गावात मराठी पेपर दुसऱ्या दिवशी यायचा. नागपूरकडून येणारी बस त्याचा गठ्ठा हायवेच्या फाट्यावर टाकायची, तिथून बोथ गावाकडे निघालेली कुठली तरी जीप तो उचलायची आणि जीपवाल्याच्या लक्षात राहिलं तर जाता जाता आमच्या अंगणात फेकायची. लक्षात नाही राहिलं तर तिसऱ्या दिवशी. तेव्हा आमचा आदिलाबाद जिल्हा आंध्रात होता. शाळा तेलुगू, कचेरी तेलुगू, बाजार अर्धा हिंदी, आणि घरात मात्र पूर्ण मराठी. त्यामुळे त्या पेपराची वाट बाबा जितकी पाहायचे, तितकी पाहुण्याचीही पाहत नसत.

बाबा भाजीवाले. वांगी, टमाटे, पालक, हिवाळ्यात कोबी. सातवी मराठी शिकलेले. संध्याकाळी मळ्यातून आले की हातपाय धुऊन ओट्यावर बसायचे आणि मोठ्याने पेपर वाचायचे. ज्यांना वाचता येत नव्हतं ते ऐकायला यायचे, आणि येत होतं तेही यायचे. कोणी म्हणालं, "दादाजी, ही तं कालचीच बातमी हाय," तर बाबा म्हणायचे, "शिळी भाकर दुधात कुस्करून खातेस ना? मंग हेही खाय."

लहानपणी माझ्या डाव्या पायाला पोलिओ झाला. गावातली दुसरी पोरं नाल्याकडे पळायची तेव्हा मी ओट्यावर बाबांना टेकून बसलेली असायची. मराठी अक्षरं मी शाळेत नाही, त्या शिळ्या पेपरात शिकले. पुढे तेलुगू माध्यमात दहावी केली, बारावी केली. पाय तसाच राहिला. जीभ मात्र तयार झाली. मला कोणी 'बिचारी' म्हटलं की मी त्याला लगेच काही तरी काम सांगायची. पाण्याची घागर भर, नाही तर खुर्ची इकडे सरकव. दोन-तीनदा असं झालं की माणूस तो शब्द विसरायचा.

नव्वदच्या दशकात अपंगांच्या कोट्यातून मला एसटीडी बूथ मिळाला. रस्त्यालगतच्या आमच्या खोलीत काचेची पेटी बसली, पिवळा बोर्ड लागला, आणि पंचक्रोशीतली माणसं माझ्या टेबलासमोर रांग लावू लागली. कोणाचा पोरगा हैदराबादेत, कोणाचा जावई मस्कतला. लाइन खरखरायची. माणसं ओरडून बोलायची, अर्ध्या गावाला ऐकू जायचं. मी मीटर पाहायची आणि न ऐकल्यासारखं करायची.

दशक सरत आलं तेव्हा एकदा बूथच्या कामासाठी आदिलाबादला गेले. माझा थोरला भाऊ, दादा, जीप चालवायचा, त्याच्याच जीपमधून. काम आटोपलं, आणि बाजारातल्या एका कॉम्प्युटर क्लाससमोर बोर्ड दिसला : 'इंटरनेट'. हा शब्द मी पेपरात वाचला होता. आत गेले. क्लास चालवणारा तरुण तेलुगू होता, भला माणूस. मी विचारलं, "यात मराठी पेपर दिसतो का?"

त्याने पेपराचं नाव विचारलं, ते इंग्रजीत टाइप केलं. पडद्यावर वरून खाली, भिंत सारवत यावं तसं, एक चित्र उतरू लागलं. आधी पेपराचं नाव. मग त्याखाली तारीख.

आजची तारीख.

मी पुन्हा पाहिलं. सकाळीच नागपुरात छापलेला पेपर माझ्यासमोर होता आणि घरी बाबा कालच्या पेपराची वाट पाहत होते. मी त्या तरुणाला म्हटलं, "हे आमच्या गावात आणायला काय काय लागते, ते एकेक करून सांगा."

तो म्हणाला, "कॉम्प्युटर, मोडेम आणि चांगली फोन लाइन."

लाइन माझ्याकडे होतीच. ती चांगली नाही, हे मी त्या दिवशी मनावर घेतलं नाही.

त्याच क्लासमधला एक जुना कॉम्प्युटर पुढच्या महिन्यात आमच्या घरी आला. दादाने जीपमध्ये गोधड्या अंथरून, नव्या नवरीसारखा जपत आणला. आईने आधी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि मगच पिन बोर्डात घालू दिली. पहाटे करंट सहसा जात नसे, म्हणून पहिला प्रयोग मी पहाटे ठेवला. बाबा आंघोळ करून, चष्मा पुसून, टेबलासमोर येऊन बसले.

मोडेम किंचाळला. कुई-कुई, घुर्रर, मग पत्र्यावर खडे पडावेत तसा आवाज. आई आतून म्हणाली, "काय वं, पिल्लू दाबलं का दारात?" मग आवाज थांबला आणि लाइन लागली. मी पेपराचं नाव टाकलं. बराच वेळ काहीच नाही. मग नाव आलं. तारीख आली. बाबा पुढे सरकले. मोठ्या मथळ्याची पहिली ओळ उतरली आणि बाबांनी ओट्यावरच्या आवाजात वाचायला सुरुवात केली : "कापूस खरेदीबाबत सरकारचा मोठा..."

खट्. लाइन तुटली.

"मोठा काय?" बाबांनी विचारलं.

"थांबा, पुन्हा लावते."

पुन्हा किंचाळणं, पुन्हा खडे, पुन्हा नाव, तारीख, आणि पुन्हा 'मोठा'वर खट्. वीज जाईपर्यंत आमचं हेच चाललं होतं. माझ्याच बूथचा मीटर माझ्यावरच पळत होता. बाबा उठले आणि टोपी घालत म्हणाले, "पोरी, अर्धी बातमी शिळ्या बातमीपेक्षा वाईट. आता उद्या पेपर येईन तवा समजन, सरकारचा मोठा काय ते."

दुसऱ्या दिवशी समजलं. निर्णय होता. पण ते अर्धं वाक्य मला झोंबलं. मी ठरवलं, पूर्ण मथळा या माणसाला ज्या दिवशीचा त्या दिवशी वाचायला मिळालाच पाहिजे.

आधी लाइन पाहिली. आमच्या भागात येणारा लाइनमन तेलुगू-हिंदी मिसळून बोलायचा. मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "अम्मा, ये तार तो पूरा जंगल घूम के आता है." म्हटलं, चला, पाहू. दादाच्या जीपमधून आम्ही खांबाखांबाने गेलो. कुठे सागाची फांदी तारेवर टेकलेली, कुठे पळसाच्या झाडाला तार चाटून गेलेली, कुठे जुना जोड हिरवा पडलेला. त्याने फांद्या तोडल्या, जोड घासून पुन्हा बांधले. ज्यांच्या बांधावरची झाडं होती त्यांच्याशी मी बोलले. एक म्हातारा म्हणाला, "फांदी तोडतां, मंग सावली कुठून आणू?" त्याला मी वर्षभर त्याच्या जावयाचा फोन आला की घरी जाऊन कळवायचं कबूल केलं, तेव्हा फांदी गेली.

आठवडाभर लाइन बरी चालली. बाबांनी एकदा अर्धं पान वाचलं. मग वादळी वारा सुटला आणि आम्ही पुन्हा 'मोठा'वर येऊन अडकलो.

तेव्हा दादाने एक गोष्ट काढली. उटनूरकडच्या जंगलातल्या एका गावात तारेशिवायचा फोन लागलाय म्हणे. उंच खांब, त्यावर अँटेना, आणि थेट हवेतून बोलणं. "तार नाई तं झाड नाई, झाड नाई तं झंझट नाई," दादा म्हणाला. मलाही ते पटलं. कॉम्प्युटर पुन्हा गोधड्यांत गुंडाळला, आणि एका रविवारी आम्ही निघालो. बाबाही आले. "मी येतोच. मथळा तिकडं पुरा झाला तं?"

तो फोन तिथल्या आश्रमशाळेत होता. हेडमास्तर गोंड, वयाने माझ्याएवढेच. घरी गोंडी, शाळेत तेलुगू आणि आमच्याशी आमच्यासारखीच मराठी. त्यांनी ऑफिसातलं टेबल रिकामं करून दिलं, आपल्या हाताने कॉम्प्युटर आत नेला आणि वायरी जोडायला माझ्याबरोबर जमिनीवर बसले. खिडकीत पोरापोरींची डोकी लागली. एक म्हातारी दाराशी उकिडवी बसून विचारू लागली, "बाई, याच्यात शिनेमा दिसते का?"

"पेपर दिसते, मावशी."

"पेपर तं कागदावर दिसते," ती म्हणाली आणि तरीही बसून राहिली.

फोनवरचा आवाज आमच्या लाइनपेक्षा स्वच्छ होता. मला खात्री वाटली. नंबर लावला. मोडेम किंचाळला, घुरघुरला, आणि खडे पडायच्या आधीच गप्प झाला. पुन्हा लावला. पुन्हा गप्प. हेडमास्तरांनी अँटेनाची वायर हलवून पाहिली, दादाने खांबाला हात लावून पाहिला, जणू बैलाच्या पाठीवर थाप मारावी. काही उपयोग झाला नाही. त्या फोनची नळी माणसाच्या आवाजापुरतीच होती. मोडेमचा आवाज तिच्यातून जातच नव्हता. हे मला नंतर समजलं. त्या दिवशी फक्त राग आला.

हेडमास्तरांनी चहा मागवला. म्हणाले, "तुमचं ज्या दिवशी लागन, त्या दिवशी मले कळवा. माह्या पोरायचा दहावीचा निकाल इथं चार दिवसांनी येते. कोणाले पुढं जायचं असन, त्याची जागा तोवर भरून जाते."

 परत येताना जीपमध्ये मी निकालाचंच घोकत होते. तोवर माझ्यासाठी हे सगळं बाबांच्या पेपरासाठी होतं. आता त्यात ती खिडकीतली डोकीही आली.

मग डिशचा रस्ता निघाला. फाट्यावरच्या धाब्यापाशी केबल टीव्हीवाला होता. त्याच्याकडे नागपूरचा एक एजंट यायचा. तो म्हणाला, थेट उपग्रहावरून इंटरनेट मिळतं. एक मोठी तबकडी लावायची, बस. मी किंमत विचारली. त्याने सांगितली. दादाने जीप सुरू केली.

पण त्या फेरीत एक गोष्ट माझ्या नजरेस पडली. धाब्यासमोर, हायवेच्या कडेने, ठरावीक अंतरावर छोटे दगड रोवलेले होते. मला आठवलं, काही वर्षांपूर्वी इथे लांबच लांब नाली खणली होती, तिच्यात जाड प्लास्टिकचा पाइप टाकला होता, आणि आम्हाला वाटलं होतं पाण्याची योजना आली. पाणी काही आलं नाही. मी दादाला जीप थांबवायला लावली. फाट्यावरच टेलिफोनचं छोटं एक्सचेंज होतं. आत एक तरुण इंजिनियर बसलेले. मी कुबडी भिंतीला टेकवली, खुर्ची ओढून घेतली आणि विचारलं, "सर, या दगडाखाली काय हाय?"

"ऑप्टिकल फायबर," ते हिंदीत म्हणाले. "काचेचा तंतू. हैदराबाद ते नागपूर. या एक्सचेंजपर्यंत सगळं उत्तम आहे. अडचण इथून तुमच्या गावापर्यंतच्या तारेत आहे."

"मंग जो इथंच, तुमच्या भिंतीला लागून बसला, त्याची लाइन कशी चालन?"

ते हसले. "त्याची झकास चालेल. पण इथे कोण बसणार?"

"मी," मी म्हणाले.

घरी रात्रीच्या जेवणाला मी सांगितलं, बूथ फाट्यावर हलवायचा. बाबांचा घास हातातच राहिला.

"गाव सोडून?"

"गाव नाई सोडत, बाबा. टेबल नेऊन राह्यली."

"हायवेवर? ट्रकवाल्यायच्या मधात? एकटी?"

"एकटी काऊन? तुमी याना. तुमची भाजी रोज सकाळी फाट्यावरूनच जाते. ती चढवा आन् बसा माह्याजवळ."

"आन् ह्या गावातले लोक? त्यायनं फोन करायले तिथं यावं?"

हा प्रश्न खरा होता.  उत्तर आईने दिलं. ती बूथ पाहून पाहून सगळं शिकली होती, फक्त कोणी विचारलं नव्हतं. "इथली फोनची पेटी मी पाहीन," ती म्हणाली. "तू तिथं दुसरी लाइन घे. मले नंबर फिरवता येते. मीटर वाचता येते. ओरडून बोलणाऱ्यायले गप्प बसवता तं तुह्यापेक्षा चांगलं येते." दादा हसायला लागला, बाबाही.

दुसऱ्या लाइनचा अर्ज घेऊन मी तालुक्याला टेलिफोनच्या कचेरीत गेले. साहेबांनी अर्ज पाहिला, माझ्या पायाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "इंटरनेट गाव में कौन देखेगा? और हायवे पर आप कैसे...?" मी म्हटलं, "साहेब, तुमच्या या जिन्याला किती पायऱ्या हायेत? मी चढूनच आली ना वर?" त्यांनी पेन उघडलं.

फाट्यावर पत्र्याची एक खोली भाड्याने घेतली. एक्सचेंजच्या भिंतीला अगदी लागून नाही, पण मधे एकच खांब. आतून निळा रंग दिला. करंटचा भरवसा नव्हता म्हणून दादाने ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवला. बोर्डावर मी मराठी, तेलुगू आणि हिंदी तिन्ही भाषांत 'इंटरनेट' लिहून घेतलं. पेंटरने तिन्हीत वेगवेगळं लिहिलं. मी तसंच ठेवलं.

पहिल्या सकाळी बाबांनी वांग्यांची पोती गाडीत चढवली आणि आत येऊन बसले. शेजारचा चहावाला दारात उभा. दोन ट्रक ड्रायव्हर, काय चाललंय म्हणून डोकावलेले. मोडेम किंचाळला आणि लगेच लाइन लागली. खरखर नाही, अडखळणं नाही. पेपराचं नाव आलं. तारीख आली. मथळा उतरू लागला. चहावाल्याने कपात ओतलेला चहा बाबांच्या हातात दिला, तो त्यांनी फुंकला, पहिला घोट घेतला, आणि पूर्ण पान समोर होतं. आजच्या मानाने तो वेग काहीच नव्हता. आम्हाला मात्र बैलगाडीतून उतरून मोटारीत बसल्यासारखं वाटलं.

बाबांनी वाचायला सुरुवात केली. मथळा पूर्ण वाचला. त्याखालची बातमी वाचली. मग मला म्हणाले, "खाली घे." मी पान खाली सरकवलं. ते वाचत गेले, आणि त्यांचा आवाज हळूहळू ओट्यावरचा झाला. ड्रायव्हरांपैकी एक अमरावतीचा निघाला. तो आत येऊन खाली बसला. शेवटी बाबांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. मला वाटलं पडद्याच्या उजेडाने असेल. ते म्हणाले, "पोरी, आयुष्यात पह्यल्यांदा आजच्या दिवसात बसलो." मग लगेच म्हणाले, "भाव दाखव. टमाट्याचा."

त्यानंतर फाट्यावर गर्दी वाढत गेली. मस्कतला जावई असलेल्या बाया फोनऐवजी ईमेल लिहून घ्यायला येऊ लागल्या. त्या बोलायच्या, मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायची. एक जण लाजून म्हणाली, "तब्येत सांभाळा, एवढंच लिव." मी म्हटलं, "एवढंच? पैसे तेवढेच लागतेत, अजून सांग." मग ती अर्धा तास बोलली.

दहावीच्या निकालाच्या आदल्या दिवशी मी आश्रमशाळेत निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी हेडमास्तर टेम्पो भरून पोरं घेऊन हजर. आमच्या गावची पोरं, बोथची, वाटेवरच्या वाड्यांची पोरंही आली. खोलीत दहा माणसं मावायची नाहीत, बाहेर जत्रा. मी आत नंबर टाकायची, निकाल पाहायची, आणि बाबा दारात उभे राहून मोठ्याने सांगायचे. तेलुगू नावं त्यांच्या जिभेवर अडखळायची, पोरं हसायची, पण 'पास' हा शब्द ते असा खणखणीत म्हणायचे की हायवेवरून जाणारे लोक वळून पाहायचे.

दुपारी, गर्दी सगळ्यात जास्त असताना, पडद्यावर काहीच येईना. राज्यभरातले लोक एकाच वेळी तेच पान उघडत असणार. बाहेर कुजबुज सुरू झाली. मी दारात आले आणि म्हणाले, "लाइन चांगली हाय. तिकडं गर्दी झाली. निकाल कुठं पळून जात नाई. चहा प्या." हेडमास्तरांनी पोरांना झाडाखाली बसवून गोंडीत गाणं म्हणायला लावलं. पहिलं संपलं, दुसरं सुरू झालं, आणि पान उघडलं.

त्या आश्रमशाळेतली एक मुलगी गणितात नापास झाली होती. मी निकाल पाहिला आणि बाबांकडे पाहिलं. त्यांनी तो मोठ्याने सांगितला नाही. बाहेर गेले, तिला आत बोलावलं आणि माझ्या खुर्चीजवळ बसवलं. मी तिला पडदा दाखवला. बाकी सगळ्या विषयांत ती वर होती, तेलुगूत तर खूपच. ती रडायला लागली. मी म्हटलं, "रड. पण आधी पुरवणी परीक्षेची तारीख पाहून घेऊ." तीही तिथेच सापडली. हेडमास्तर म्हणाले, "म्हणजे हिले आजच समजलं. चार दिवस आधी अभ्यास सुरू होईन." ती मुलगी नाक पुसत म्हणाली, "आजपासून नको सर, उद्यापासून." त्यावर सगळे हसले, तीही हसली. पावसाळ्यात ती पुरवणीत गणितात पास झाली, आणि तो निकाल पाहायला ती स्वतःच आली. नंबर तिनेच टाइप केला.

पास झालेल्यांपैकी तीन पोरांना वेळेत कळल्यामुळे पुढच्या शिक्षणाला अर्ज भरता आले. हेडमास्तरांनी त्यानंतर नेमच केला. बाजाराच्या दिवशी ते वरच्या वर्गातली पोरं घेऊन फाट्यावर यायचे. पोरं आळीपाळीने बसायची. कोणी हैदराबादचा नकाशा पाहायचं, कोणी वाघाचं चित्र. एका पोराने सागाच्या झाडाचं चित्र शोधून द्यायला सांगितलं. मी म्हटलं, "अरे, तुह्या घराभोवती तेच हाय." तो म्हणाला, "हो, पण याच्यातलं कसं दिसते ते पायचं होतं."

आजूबाजूच्या गावांतले लोक मला विचारायला यायचे, आमच्याकडे हे कसं आणायचं. मी त्यांना एजंटचं नाव सांगत नसे. मी विचारायची, तुमच्या गावापासून सगळ्यात जवळचं एक्सचेंज कुठं? त्याला काचेची तार जोडली का? नसेल तर जिथं जोडली तिथं एक टेबल टाका, आणि गावातून तिथं जायची सोय करा. काहींना हे उत्तर आवडायचं नाही. त्यांना घरातच हवं असायचं. मी म्हणायची, पाणी घरात यायच्या आधी आपण विहिरीवर गेलोच ना.

काही वर्षांनी आमच्या गावापर्यंतही जमिनीतून केबल आली, आणि आईच्या खोलीतही मोडेम सुरळीत किंचाळू लागला. पण मी फाटा सोडला नाही. तिथल्या खोलीत आता तीन कॉम्प्युटर होते, शिकवायला आश्रमशाळेतलीच एक पोरगी होती, आणि सकाळी भाजी चढवून झाली की बाबा हक्काच्या खुर्चीत येऊन बसायचे.

एका सकाळी त्यांनी पूर्ण पेपर वाचला, चष्मा खिशात ठेवला आणि कुरकुरले, "आज काहीच बातमी नाई."

"मंग कालचा उघडू का?" मी विचारलं.

"नको," ते म्हणाले. "उद्याचा किती वाजता येते, ते पाय."